चार आवाजांतलं चर्चगायन: नेमकं ऐकायचं कसं?

मंद्रसप्तक (१४ डिसेंबर)

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं, मूळचं नगरचं. दर २४ डिसेंबरला रात्री साडेआठला त्यांच्याकडे शॉर्टवेव्हवर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलमधली नाताळची उपासना लागायची. तिकडे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. बाबा मला स्वेटर-कानटोपी घालून घेऊन जायचे. रेडिओची खरखर, आवाज लांब जायचा, परत यायचा, आणि त्यातून एक मुलगा एकटाच गायला लागायचा. वाद्य नाही, साथ नाही. पुढच्या कडव्याला सगळा वृंद त्याला येऊन मिळायचा. काका डोळे मिटून काहीतरी गुणगुणत असायचे, पण ते रेडिओतल्या चालीशी अजिबात जुळायचं नाही. मला हसू यायचं आणि बाबा डोळे वटारायचे.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी हे गायन वर्षभर ऐकते. किंग्जची जुनी ध्वनिमुद्रणं, इंग्लंडमधल्या इतर कॅथीड्रलची, काही जर्मन कोराल, म्हणजे तिकडची चर्चगीतं. माझं शिक्षण विशारदपर्यंत, सगळं हिंदुस्थानी. आणि तिथेच अडतंय. मला कायम सगळ्यात वरची चालच ऐकू येते. खाली तीन आवाज आणखी गातायत हे डोक्याला माहीत आहे, पण कानाला तो नुसता एक जाड, सुंदर ढग वाटतो. तो ढग फोडून आत कसं शिरायचं?

दुसरंही एक विचारायचं आहे. मी ख्रिस्ती नाही. दुसऱ्याची प्रार्थना ही अशी कानाला हेडफोन लावून ऐकावी का, असं मधूनमधून मनात येतं. जाणकारांनी मोकळेपणाने लिहा.

टकाटक

छान धागा. मला ‘सायलेंट नाइट’च्या पुढे काही माहीत नाही, त्यामुळे वाचतेय.

स्वरांकित

मुंबईत एका क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, अठरा वर्षं बास (सगळ्यात खालचा पुरुषी आवाज) गातोय, म्हणून अधिकाराने सांगतो: तुम्ही खालून सुरुवात करा.

चाल कानाला आपोआप पकडते, कारण ती वर असते आणि शब्द तिच्यावर बसलेले असतात. तिला सोडून द्यायला शिकावं लागतं. ‘अबाइड विथ मी’ घ्या. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे, १८४७चे. विल्यम हेन्री मंक यांनी १८६१ साली दिलेली चाल आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे, कारण दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ती वर्षानुवर्षं वाजायची, नंतर सचिवालयाच्या इमारतींवरून घंटांचे स्वर यायचे. गांधीजींचं हे आवडतं गीत. २०२२ पासून ते त्या कार्यक्रमातून वगळलं. तर पहिली ओळ आपल्या भाषेत अशी:

ग – ग रे | सा – प – | ध प प म | ग

झाला बिलावल. आता ही ओळ तुम्हाला पाठ आहे, म्हणून ती ऐकूच नका. पहिल्यांदा फक्त तळाचा आवाज पकडा. चाल एका जागी थांबली की तळ हलतो का ते बघा. बास बहुतेक वेळा मोठ्या उड्या मारतो, सा-प, प-सा अशा, त्यामुळे तो पकडायला सोपा. नंतर टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज. आल्टो, म्हणजे चालीच्या लगेच खालचा आवाज, सगळ्यात शेवटी, कारण बिचारी आल्टो दोन-तीन स्वरांतच घुटमळत असते आणि सगळा रंग मात्र तीच भरते. एकच मुद्रण चार वेळा ऐका, दर वेळी एकच आवाज. आणि गुणगुणा. तोंडातून आला की तो स्वर कानालाही सापडतो.

जाता जाता एक. ते शेजारचे काका बेसूर नसणार. चालीशी न जुळणारं गुणगुणत होते म्हणताय, म्हणजे नक्की बास गात असणार.

टकाटक

अय्यो, ते शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटाच आला.

नगरी_माणूस

नगरचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्या घरी चौथी पिढी ख्रिस्ती. रविवारच्या उपासनेत आम्ही दोन प्रकारची गीतं गात मोठे झालो आणि दोन्ही एकाच पुस्तकात, ‘उपासना संगीता’त.

एक प्रकार म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या वेळेपासून भाषांतरित झालेली. चाल परदेशी, शब्द मराठी. यातली काही अतिशय गोड आहेत, पण पुष्कळ ठिकाणी भाषा कण्हते. चाल आधी ठरलेली, मात्रा मोजलेल्या, मग ‘कृपा’ म्हणताना ‘कृ’ लांबवायचा आणि ‘पा’ गिळायचा. लहानपणी आम्हाला वाटायचं, देवासमोर असंच बोलायचं असतं.

दुसरा प्रकार रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा आणि त्यांच्या वाटेने गेलेल्यांचा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, मृत्यू १९१९चा. एवढ्या अवधीत त्यांनी ओवी, अभंग, पदं अशा आपल्या घरच्या छंदांत इतकं लिहिलं की मराठी चर्चचा आवाजच बदलला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. ही गीतं पेटी, तबला, टाळ यांवर होतात. त्यांत चार आवाज नसतात, सगळी मंडळी एकच चाल गाते, आणि त्यात काही उणं आहे असं मला कधी वाटलेलं नाही.

म्हणून माझा थोडा वेगळा सूर. ‘चर्चचं गायन’ म्हटलं की आपण लगेच केंब्रिजला जातो. नगर, जालना, सोलापूर, मिरज इथल्या मंडळींचं गाणंही कुणीतरी नीट मुद्रित करून ठेवायला हवं. आमच्या आजीला तीनशे गीतं तोंडपाठ होती. तिच्या आवाजातली एकही ओळ आज आमच्याकडे नाही.

प्रश्नचिन्ह

मंद्रसप्तक यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मला वाटतं, ऐकू नये असं नाही, पण कसं ऐकतो याला महत्त्व आहे. मी कॅथलिक आहे. एका कॅफेत कुणाच्या तरी दुःखभोगाचं गीत कपबशांच्या आवाजात लागलेलं ऐकून मला फार लागलं होतं. ते गुड फ्रायडेला गुडघ्यांवर बसून गायचं असतं. आमच्यासाठी ते ‘म्युझिक’ नाही, उपासना आहे. ती वेगळी काढून नुसता नाद ऐकणं म्हणजे पत्रातला मजकूर न वाचता अक्षर किती सुरेख आहे हे बघणं.

अनाहत

@प्रश्नचिन्ह, कॅफेचं पटलं. बाकीचं नाही.

कुमारजींची निर्गुणी भजनं ऐकणारे सगळे काय नाथपंथी असतात? भीमसेनांची ‘संतवाणी’ ऐकायला सभागृह भरायचं, त्यातले किती वारीला गेलेले होते? ज्याने ते रचलं त्याची श्रद्धा सुरांत उतरलेली असते. ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचते आणि आत काहीतरी हलवते. त्याला कागदोपत्री सभासद असावं लागत नाही.

आणि इतिहासातलंच उदाहरण देतो. १९०६ साली ‘इंग्लिश हिम्नल’ हे चर्चगीतांचं पुस्तक निघालं. त्याचे संगीत-संपादक राल्फ व्हॉन विल्यम्स स्वतः देव मानणाऱ्यांतले नव्हते. खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांच्या तोंडून जमवलेल्या लोकगीतांच्या चाली त्यांनी त्या पुस्तकात आणल्या, जुन्या विसरलेल्या चाली वर काढल्या आणि स्वतःही रचल्या. ती गीतं चर्च आजही गातं. श्रद्धा नसलेला माणूस ती पुस्तकात आणू शकतो, तर श्रद्धा नसलेल्या माणसाने ऐकली तर काय बिघडलं?

प्रश्नचिन्ह

हे माहीत नव्हतं, विचार करते. पण माझं म्हणणं सभासदत्वाबद्दल नव्हतं हो. शब्द काय आहेत ते माहीत करून घ्या, एवढंच. मंद्रसप्तक ते करत असणार, हे त्यांच्या लिहिण्यावरूनच दिसतं.

वसईचा_वारा

माझी पणजी कुपारी, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजातली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लॅटिनमधलं ‘तांतुम एर्गो’ हे स्तोत्र अथपासून इतिपर्यंत म्हणायची. अर्थ विचारला तर म्हणायची, “त्याला कळतंय ना, मग झालं.” दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, आमच्याकडे उपासना मराठीत आली आणि लॅटिन मागे पडलं. मराठी आली याचा आनंदच आहे. पण पणजीचं ते लॅटिन आमच्या पिढीत कुणी उचललं नाही याची रुखरुख आहे.

अवांतर: वसईचा आवाज ऐकायचा असेल तर भीमाशंकरला जा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, नाशकात नारोशंकराच्या देवळातही आहे.

घाटमाथा

मेणवलीची पाहिलीय! त्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. तिथल्या गुरवाने वाजवून दाखवली होती, आवाज किती तरी वेळ नदीवर राहिला. नाशिकच्या घंटेवरून तर ‘नारोशंकराची घंटा’ हा वाक्प्रचारच आला.

टकाटक

म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई वर्गात मला ज्या नावाने हाक मारायच्या ती घंटा मूळची चर्चमधली होती! आईला सांगायलाच हवं.

जॉर्जियाकर

अटलांटाजवळ राहतो. इथे एक गोष्ट आहे, जी ऐकल्यावर मंद्रसप्तक यांना आपल्या घरी आल्यासारखं वाटेल.

अमेरिकेच्या दक्षिणेत ‘सेक्रेड हार्प’ नावाची गायनपरंपरा आहे. ज्या पुस्तकावरून हे नाव पडलं ते १८४४चं. त्यात स्वरांची टिंबं वेगवेगळ्या आकारांची असतात: फा त्रिकोण, सो गोल, ला चौकोन, मी शंकरपाळ्यासारखा. आणि गीत सुरू करताना आधी शब्द गातच नाहीत. आधी अख्खी चाल ‘फा सो ला’मध्ये गातात, चारही आवाज आपापली. मग शब्द. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चकित झालो. अहो, ही तर सरगम! आधी सरगम, मग बंदिश.

बसतातही चौकात. चार बाजूंना चार आवाज, तोंडं एकमेकांकडे, मधे मोकळी जागा. एकेक जण पाळीपाळीने मधे उभा राहून हात वरखाली करत लय दाखवतो. श्रोते नसतात. जो आला तो गातो. आवाज मोकळा, खणखणीत, घासूनपुसून गुळगुळीत केलेला नाही. चाल बहुधा टेनरकडे असते, सोप्रानोकडे, म्हणजे बायकांच्या सगळ्यात वरच्या आवाजाकडे नव्हे. दुपारी सगळ्यांनी घरून आणलेलं जेवण लांबलचक टेबलांवर मांडतात, आपली पंगतच.

मला मधे उभं केलं तेव्हा चारही बाजूंनी आवाज अंगावर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा चार वेगळ्या चाली वेगळ्या ऐकू आल्या. डावीकडून बास, पाठीमागून आल्टो. ढग फुटला तो असा. मुद्रण हवं असेल तर लोकसंगीत जमवणाऱ्या अलन लोमॅक्सने १९५९ साली अलाबामातल्या फाइफ गावच्या मेळ्यात केलेलं ऐका. खुर्च्यांची करकर, पायाचा ठेका, सगळं त्यात आहे. हेडफोन लावूनच ऐका, कारण ते स्टिरिओ आहे.

तानपुरा_जुळला

आता माझ्या आवडीचा विषय निघाला. मंद्रसप्तक, तुमचा हिंदुस्थानी कान इथे अडचण नाही, उलट भांडवल आहे.

तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपसूक ऐकू येतो. कुणी छेडलेला नाही, तरी येतो. तो स्वयंभू गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. म्हणून तर जुने लोक पेटीवर चिडायचे.

वाद्याशिवाय गाणारी चांगली क्वायर पेटीच्या गंधाराकडे जात नाही. गाता गाता गंधार गाणारे आपोआप थोडे खाली येतात आणि त्या स्वयंभू जागेवर बसतात. बसले की सगळ्या जमावाचा आवाज एकदम ‘लागतो’, तंतोतंत तानपुऱ्यासारखा, आणि वर कुणीच न गायलेले स्वर ऐकू यायला लागतात. ऑर्गनची साथ असलेलं कडवं आणि नुसत्या आवाजांचं कडवं पाठोपाठ ऐका. फरक तुम्हाला कळेल, कदाचित तिकडच्या श्रोत्यापेक्षाही लवकर.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे षड्ज जमिनीसारखा असतो. स्वराचा अर्थ त्याच्याशी असलेल्या नात्यावरून ठरतो आणि ते नातं बदलत नाही. तिकडे वरचा स्वर तोच ठेवून खालची जमीन सरकवतात. तोच स्वर एकदा पंचम म्हणून भेटतो, लगेच गंधार म्हणून. याचं सर्वांत मोठं उदाहरण जर्मन संगीतकार बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या येशूच्या दुःखभोगावरच्या रचनेत आहे (१७२७). एकच कोराल-चाल त्यात पुनःपुन्हा येते आणि पहिल्या दोन वेळा सोडल्या तर दर वेळी खालचे तीन आवाज वेगळे. क्रूसाजवळ येता येता तीच चाल काळवंडत जाते. गंमत म्हणजे ती चाल मुळात हान्स लिओ हासलरच्या १६०१ सालच्या प्रेमगीताची.

अनाहत

प्रेमगीताच्या चालीवर दुःखभोगाचं गीत! आपल्या भजनी मंडळांनी नाट्यपदांच्या चाली घेतल्या तसंच की.

नगरी_माणूस

आमच्या जुन्या पुस्तकांत गीताच्या डोक्यावर ‘चाल:’ असं लिहून दुसऱ्याच गीताची पहिली ओळ छापलेली असते. इंग्रजी पुस्तकांतही मागे छंदांची सूची असते, ८.६.८.६ वगैरे, म्हणजे ओळीओळीतली अक्षरं. तेवढ्या अक्षरांचं कुठलंही गीत त्या छंदाच्या कुठल्याही चालीवर म्हणा. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द १७७९ साली छापले गेले, पण आज सगळं जग ज्या चालीत ते गातं तिच्याशी जोड १८३५ साली झाली. मधली वर्षं ते इतर चालींवर गायलं जात होतं. अभंगाला जशी एकच चाल नसते, तसंच.

मंद्रसप्तक (१७ डिसेंबर)

एवढे प्रतिसाद! एकेक वाचून ऐकतेय, म्हणून उशीर.

‘अबाइड विथ मी’ स्वरांकित यांनी सांगितलं तसं ऐकलं. तिसऱ्यांदा बास सापडला. सापडला म्हणजे, पहिल्या ओळीच्या शेवटी चाल गंधारावर थांबते ना, तिथे तो खाली काहीतरी करतो हे पहिल्यांदा कळलं. मग तो सोडवेना. टेनर मात्र हाताला लागत नाही. आल्टोची तर आशाच सोडली आहे.

काकांबद्दल स्वरांकित यांनी जे लिहिलं ते वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. काकूंचा नंबर शोधतेय.

स्वरांकित

टेनरसाठी एक हमखास उपाय. ‘टॅलिसचा कॅनन’ शोधा. इंग्रज संगीतकार टॉमस टॅलिसने १५६७च्या सुमारास रचलेली चाल, आता झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेला गातात. त्यात टेनर वेगळं काही गातच नाही. सोप्रानो जे गाते तेच, फक्त चार मात्रा मागून आणि सप्तकाने खाली. म्हणजे काय शोधायचं ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं. चाल ऐका, मनात चार मोजा, आणि तीच चाल मागून येताना पकडा. छोटं आहे, मिनिटभरात कडवं संपतं.

शिलाँगचा_पाऊस

नवरा सैन्यात, त्यामुळे आधी शिलाँग आणि मग ऐझॉल अशी मिळून सहा वर्षं ईशान्येला काढली.

खासी टेकड्यांत १८४१ साली वेल्सचे मिशनरी आले. पुढे मिझोरममध्येही वेल्सचे मिशनरी गेले. आणि वेल्सचे लोक म्हणजे चौघे जमले की चार आवाजांत गाणारे. त्यांनी बरोबर ‘टॉनिक सोल्फा’ आणली. मिझोंच्या गीतपुस्तकात पाच रेघांचं स्वरलेखन नाही. नुसती रोमन अक्षरं असतात, डो-रे-मीची आद्याक्षरं, आणि मधे विसर्गासारखी दोन-दोन टिंबं. डो कुठल्याही पट्टीत धरा, आपल्या सा-सारखा. मी भातखंडे लिपी शिकलेली, मला पंधरा मिनिटांत वाचता आली! शेजारची शाळकरी मुलगी आल्टो वाचून गायची, मी सोप्रानो.

पण त्याहून जास्त मनात राहिलं ते ‘लेंगखॉम’. संध्याकाळी घरात किंवा चर्चमध्ये लोक जमतात, खुआंग नावाचा ढोल संथ वाजतो, आणि मिझो वळणाने लांबवलेल्या, हेलकावणाऱ्या चालीत सगळे गातात. घरी कुणी वारलं की त्या घरात रात्रभर असं गातात. आमच्या घरमालकिणीचे वडील गेले तेव्हा मी बसले होते. भाषा कळत नव्हती. पहाटे कुणीतरी माझ्या हातात काळ्या चहाचा कप दिला आणि गाणं न थांबवता सरकून जागा करून दिली. श्रद्धा नसताना ऐकावं का, हा प्रश्न मला त्या रात्रीनंतर पडलेला नाही.

प्रश्नचिन्ह

शिलाँगचा_पाऊस, फार सुंदर लिहिलंत.

उंबरठा

मला मुद्रणांबद्दलच एक तक्रार करायची आहे. एका प्रसिद्ध ॲपवर ऐकतो. शेवटचा स्वर संपला की गुंज विरायच्या आत पुढचं गाणं धाडकन सुरू! किंग्ज चॅपल जवळजवळ ८८ मीटर लांब आणि २४ मीटर उंच, वर सगळं दगडी छत. क्वायर थांबल्यावरही आवाज तिथे काही सेकंद फिरत असतो. तीच तर गोडी. ती कापली की भैरवी संपायच्या आत कुणीतरी दिवे लावल्यासारखं होतं. महिनाभर त्यांना लिहितोय, छापील उत्तरं येतात. शेवटी सेटिंगमध्ये ‘क्रॉसफेड’ (एका गाण्याच्या शेवटात पुढचं मिसळणारी सोय) सापडलं, ते बंद केल्यावर सुधारलं. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

केंब्रिजची_सायकल

मी त्या चॅपलमध्ये प्रत्यक्ष ऐकलंय, २०११ साली. पहाटे अंधारात रांगेत उभे राहिलो होतो. थर्मास, घोंगड्या, अनोळखी लोक एकमेकांना केक देतायत. ही उपासना तिथे १९१८ पासून होते आहे, पहिलं महायुद्ध संपल्यावरचा तो पहिला नाताळ. १९१९ पासून सुरुवात त्याच गीताने, ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’. पहिलं कडवं एकटा मुलगा गातो, आणि कोण गाणार हे त्या मुलाला अगदी शेवटच्या क्षणी कळतं. दोन-तीन जण तयार असतात, दिग्दर्शक ऐन वेळी एकाला खूण करतो. म्हणजे रात्रभर घाबरायला वेळच नाही.

पण खरं सांगू? मी मागच्या बाजूला होते. मला गुंज भरपूर आणि शब्द थोडे ऐकू आले. घरी येऊन मुद्रण ऐकलं तेव्हा कितीतरी गोष्टी पहिल्यांदा कळल्या. एकानंतर एक श्वास, ‘स’चा शेवट सोळा मुलं एकाच क्षणी करतात ते, कडवं सुरू व्हायच्या आधी पान उलटल्याचा बारीक आवाज. प्रत्यक्षच श्रेष्ठ, असं मी तेव्हापासून म्हणत नाही.

जॉर्जियाकर

इथे मी नम्रपणे असहमत. हे गायन गाण्यासाठी आहे. सुरेल असो नसो, एकदा तरी चौघांत बसून गायल्याशिवाय ते पुरतं कळत नाही. मुद्रण म्हणजे पुरणपोळीचा फोटो.

उंबरठा

फोटो का असेना, काही पोळ्या आता फोटोतच उरल्यात. १९२७ साली एच.एम.व्ही.ने लंडनच्या टेंपल चर्चमध्ये अर्नेस्ट लफ नावाच्या मुलाचा आवाज मुद्रित केला, मेंडेलसोनची प्रार्थना. तोवर विजेवर चालणारे मायक्रोफोन येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याआधी भोंग्यात तोंड घालून गावं लागे, त्यात चर्च कुठलं मावणार? ती तबकडी लाखोंनी खपली. पुढे १९४१ च्या बाँबहल्ल्यात ते चर्च आतून जळालं. पुन्हा बांधलं, पण त्या मुलाने गायलं तेव्हाच्या त्या चर्चची ती गुंज फक्त त्या तबकडीवर आहे. सुईच्या खरखरीमागे नीट ऐकू येते.

जॉर्जियाकर

हे मान्य करतो. आजच ऐकतो.

मांडवीकाठी

गोव्याहून. उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाचं एक उत्तर राहून गेलंय असं वाटतं.

आमच्याकडे पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवायचे. तिथे तयार झालेले वादक पुढे पोटासाठी मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, ते याच वाटेचे. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाची रचना करणारे सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचेच. लताबाई गात असतात आणि मागे व्हायोलिनचा ताफा दुसरीच एक चाल वाजवत असतो, गाण्याला न अडवता, खालून वर चढत जाणारी. आठवतं ना? चर्चच्या गॅलरीत दुसरा आवाज गाणाऱ्या मुलाची ती सवय होती.

तेव्हा मंद्रसप्तक, तुम्ही जन्मभर आल्टो ऐकत आला आहात. फक्त ती व्हायोलिनवर होती. एखादं ५०च्या दशकातलं गाणं लावा, लताबाईंना सोडा आणि मागची व्हायोलिनं ऐका. मग परत क्वायरकडे या.

स्वरांकित

वा! माझ्या अठरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. आमच्या नव्या मुलांना आता असंच शिकवतो.

टकाटक

मी केलं हे, आत्ता भाकऱ्या करताना. चाळीस वर्षं ऐकतेय ते गाणं आणि मागे एवढं सगळं चाललं होतं! तवा करपला, पण सापडलं.

मंद्रसप्तक (२३ डिसेंबर)

टेनर सापडला. टॅलिसमध्ये, काल रात्री. चार मोजले आणि तीच चाल मागून आली, एखाद्याने दार हळूच उघडून आत यावं तशी. त्यानंतर तो इतर गीतांतही दिसायला लागला. आल्टोसाठी आधी व्हायोलिनं ऐकली. पूर्ण सापडली असं म्हणणार नाही, पण आता ढग राहिलेला नाही, धागे दिसतात.

काकूंचा नंबर मिळाला. आता ८१ वर्षांच्या आहेत, वानवडीला मुलाकडे असतात. मी विचारलं, काका रेडिओबरोबर काय गुणगुणायचे? त्या लगेच म्हणाल्या, “अगं, बास. नगरला असताना चर्चमध्ये बास गायचे. खडकीत आल्यावर चौघं जमेनात, मग रेडिओतल्या लोकांना साथ द्यायचे.” मग म्हणाल्या, “तुझ्या बाबांना माहीत होतं. त्यांनी एकदा विचारलं होतं.”

बाबांनी मला कधी सांगितलं नाही. डोळे का वटारायचे ते मात्र आता कळलं.

नगरी_माणूस

काकांचं आडनाव मला खाजगी निरोपात कळवाल का? आमच्या आजोबांबरोबर गायलेले असू शकतात.

मंद्रसप्तक

कळवलं.

केंब्रिजची_सायकल

उद्यासाठी एक जागा सांगून ठेवते. ‘ओ कम ऑल ये फेथफुल’च्या शेवटच्या कडव्यात डेव्हिड विलकॉक्स यांची मांडणी असते, १९५७ ते १९७४ ते किंग्जचे संगीत-दिग्दर्शक होते. सगळे एका सुरात गातात आणि ऑर्गन ‘वर्ड’ या शब्दाखाली असा एक स्वरसमूह धरतो की पायाखालची फरशी सरकते. तानपुरा_जुळला म्हणाले तशी जमीन सरकवणं म्हणजे काय, ते तिथे एका क्षणात कळेल. चुकवू नका.

मंद्रसप्तक (२४ डिसेंबर)

काकूंना आणायला मुलगा गेलाय. प्रश्नचिन्ह, सगळ्या गीतांचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून ठेवलेत, काकूंनाही वाचता येतील असे. क्रॉसफेड बंद केलं, तरी रेडिओच लावणार आहे.

टकाटक

मीपण लावतेय. साडेआठच ना?

मंद्रसप्तक

हो, साडेआठ. काकू आल्या.